डावीकडचा डोंगर

भामाबाईंच्या दुसऱ्या डोळ्यावरची पट्टी निघाली आणि पनवेलजवळच्या विचुंब्यातल्या त्या तीन मजली बंगल्याची झोप उडाली.

गेली कित्येक वर्षं त्यांना सगळं जग दुधात बुडवल्यासारखं दिसायचं. घरातल्या माणसांनाही त्या दुधाची सवय झाली होती. त्यात बरंच काही लपून जायचं. आता दूध आटलं आणि तळ दिसायला लागला. पंख्यावरची धूळ दिसली, कपांचे टवके दिसले, टीव्हीवरच्या बायका खोटं खोटं रडतात हेही दिसलं. एका सकाळी भाकरी मोडता मोडता त्या थांबल्या आणि समोर बसलेल्या मुलाकडे टक लावून पाहत राहिल्या.

"हरेश, तू केसांना काय लावतस रं?"

"कुटं काय, आये?"

"मंग वरती काला नि कानामागं पांडरा, असा कसा?"

सून मनिषा चहाच्या कपात बघून हसली. हरेशने टोपी घातली. घरात, पंख्याखाली, नाश्त्याला.

पण खरी गोष्ट पुढेच होती. भामाबाईंनी भाकरीचा तुकडा बोंबलाच्या कालवणात बुडवला आणि सहज म्हणाल्या, "डाक्टर बोलला, आता लांबचा बगत जा. हिरवा बगत जा. मंग मना वाघोबाच्या डोंगराव ने. वरशिन माजा म्हायेर दिसतं. डोला भरून बगीन एकदा."

हरेशच्या घशात घास अडकला. मनिषाने पाणी पुढे केलं, पण तिच्याही चेहऱ्यावर आता हसू नव्हतं.

त्याचं असं होतं, की वाघोबाच्या डोंगराखालचं ते माहेर आता राहिलं नव्हतं. भामाबाईंचे भाऊ केव्हाच गेले. भाच्यांनी शेतं विकून टाकली आणि ते पांगले. ती शेतं विकून देण्याचं काम ज्याने केलं, ज्याने तिथे सपाटीकरणाची यंत्रं नेली, प्लॉट पाडले आणि गेटवर सिमेंटचा मोर बसवला, तो मनुष्य म्हणजे खुद्द हरेशशेठ. आता त्या खोऱ्यात रंगीत छपरांचे बंगले ओळीने उभे होते आणि मध्यभागी काजूच्या आकाराचा पोहण्याचा तलाव होता.

आईला हे सांगायचं त्याच्या मनात नेहमी असायचं. पण त्या बाजूने गाडी जायची तेव्हा भामाबाई काचेला नाक लावून विचारायच्या, "ता निला निला काय दिसतय रं?"

"तलाव हाय, आये."

"आनि तां लाल?"

"पांगारा फुललाय."

त्या इतक्या समाधानाने मान डोलवायच्या, की पुढचं काही बोलायची त्याची हिंमत व्हायची नाही. याला तो खोटं बोलणं समजत नव्हता. औषधासारखं काहीतरी समजत होता. औषधाची मुदत एक दिवस संपेल, हे मात्र त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

दुपारी ऑफिसात त्याने दार लावून घेतलं आणि शिवाला बोलावलं. शिवा त्याचा लहानपणचा दोस्त. धंद्यात शिवाचं पद नक्की काय होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गाडी चालवायची वेळ आली की तो ड्रायव्हर असायचा आणि भानगड निस्तरायची वेळ आली की सल्लागार.

"सांगून टाक ना," शिवा म्हणाला.

"तू सांग."

भामामावशीच्या हातचे धपाटे शिवानेही लहानपणी खाल्ले होते. बराच वेळ त्याने टेबलावरचा काचेचा गोळा फिरवला आणि मग त्याचे डोळे चमकले.

"नेऱ्याच्या पुढं जेलं, का रस्त्याला फाटा फुटतय. उजवीकरं वाघोबाचा डोंगर. बरोबर? डावीकरं पण डोंगर हायच. त्याला नाव पण नाय. त्याच्यामागं पण खोरा, पण नदी, पण भाताची शेतां. तिकरं अजून कोनी पोचला नाय."

"मंग?"

"मंग काय? गाडी डावीकरं वलवायची."

"आये वलखंल."

"पोरगी व्हती तवा चढलेली. लगीन झाला, आनि मंग कवा जेली ती? वरशिन सगली खोरी सारकीच दिसतात, हरेश. हिरवा हिरवा नि मदी एक पांडरी रेग."

हरेशला हे पटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. फक्त एक अडचण होती. वाघोबाच्या डोंगरमाथ्यावर शेंदूर फासलेला धोंडा होता आणि आई त्याच्या पाया पडल्याशिवाय खाली उतरणार नव्हती. डावीकडच्या डोंगरावर तसलं काही नव्हतं.

"धोंडं तर हायेत ना?" शिवा म्हणाला. "शेंदराचा डबा मी घेतो."

दिवाळी होऊन गेली होती. रविवारी भल्या पहाटे ते निघाले. गाडी नेरं गाव ओलांडून पुढे गेली तेव्हा शेतांवर धुकं अंथरलेलं होतं आणि झाडं त्यातून कमरेपर्यंत वर आली होती. भामाबाई पुढच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या आणि दिसेल त्या गोष्टीचं नाव उच्चारत होत्या. "बगला. करवंदीची जाली. बैल. दुसरा बैल." एखादं मूल वाचायला शिकल्यावर दुकानांच्या पाट्या वाचत जातं, तसं चाललं होतं.

फाटा आला. शिवाने गाडी डावीकडे घातली.

"उजवीकरं ना रं?"

"तो रस्ता उखडलाय, मावशे," शिवा मान न वळवता म्हणाला. "ह्यो नवीन."

"डोंगर तोच ना?"

"डोंगर कुटं जातंय?" हरेश मागून म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

चढण उभी निघाली. खाली पायवाट होती, मग नुसते दगड आणि त्यापुढे वाळलेल्या गवतातून वर जाणारी लाल मातीची एक घसरगुंडी. भामाबाईंनी पदर खोचला, चपला काढून पिशवीत टाकल्या आणि चालायला लागल्या. त्यांना जणू पायांनीही दिसत होतं. हरेशने नवे बूट घातले होते. गळ्यातली सोन्याची साखळी प्रत्येक पावलाला छातीवर आपटत होती. गेल्या दहा वर्षांत तो ऑफिसच्या जिन्यापेक्षा उंच काही चढला नव्हता. पहिल्या वळणावर त्याने पाणी मागितलं, दुसऱ्या वळणावर तो बसला आणि तिसऱ्या वळणावर भामाबाई त्याची वाट बघत उभ्या असलेल्या दिसल्या.

"बरा हायेस ना? का परत जायाचा?"

"नाय, नाय," तो म्हणाला. त्याला खरं तर फार परत जायचं होतं.

अर्ध्या वाटेवर माणसांचे आवाज आले. मुंबईहून आलेला, एकसारखे पोपटी टीशर्ट घातलेला घोळका एका दगडाभोवती उभा होता आणि त्यांचा म्होरक्या, अपूर्व नावाचा दाढीवाला तरुण, हात पसरून माहिती सांगत होता. दगडाला शेंदूर फासला होता, समोर नारळ होता, झेंडूची फुलं होती. हरेशने शिवाकडे पाहिलं. शिवा पुटपुटला, "वरपर्यंत जायाचा व्हता. पण काल ऊन लय व्हता."

"हे इथलं अतिशय प्राचीन स्थान आहे," अपूर्व सांगत होता. "शेंदराचे थर बघा. कित्येक पिढ्यांनी चढवलेले आहेत. टेक्श्चर बघा नुसतं!"

पिढ्यांचा तो शेंदूर अजून ओला होता. घोळक्यातल्या झाडून सगळ्यांच्या कपाळांना, हातांना आणि पाण्याच्या बाटल्यांना तो लागला होता. एका मुलीने त्याच हाताने चष्मा सारखा केल्यामुळे तिला सगळा डोंगर केशरी दिसत होता आणि ती म्हणत होती की इथे काहीतरी एनर्जी आहे.

भामाबाई पुढे झाल्या, वाकल्या, दगडाला हात लावून नमस्कार केला आणि बोटांकडे बघत राहिल्या.

"ताजा हाय."

"लोकांची श्रद्धा आहे, आजी," अपूर्व अदबीने म्हणाला. "कुणीतरी पहाटेच येऊन गेलं असणार."

"वाघोबा तर पार माथ्याव व्हता. ह्यो आर्द्यात कसा आयला?"

हरेशच्या कपाळावर घाम होताच, त्यात आणखी थोडी भर पडली. शेवटी शिवा म्हणाला, "देव पण म्हातारा झाला, मावशे. वरती चढवत नाय आता त्याला."

भामाबाईंनी आपल्या नव्या डोळ्यांनी शिवाला एकदा नीट पाहून घेतलं. मग म्हणाल्या, "असंल बाबा," आणि पदराला बोटं पुसून पुढे निघाल्या.

माथा आला तेव्हा हरेश गवतावर आडवा झाला आणि काही काळ त्याने फक्त आकाश पाहिलं. मग आईचा आवाज येत नाही हे लक्षात येऊन तो उठला आणि तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला.

खाली खोरं उघडं पडलं होतं. धुकं नदीवरून नुकतंच उठत होतं. घाई नसल्यासारखं, एकेक शेत मोकळं करत ते वर येत होतं. भात कापून झालं होतं आणि कापलेल्या शेतांचा रंग उन्हात तव्यावरच्या भाकरीसारखा झाला होता. मधूनच वालाचे हिरवे तुकडे होते. पेंढ्याच्या उडव्या होत्या, त्यांच्या सावल्या लांब पडल्या होत्या. पलीकडे झाडांत दडलेली दहा-वीस घरं आणि त्यांच्यातून वर चढणारे धुराचे बारीक दोरे. कुठेतरी म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजली. ती इतकी लांब होती, की आवाज कानाला ऐकू येण्याऐवजी आठवल्यासारखा वाटला.

सवयीने हरेशच्या डोक्यात आकडे सुरू झाले. रस्ता कुठून येईल, गेट कुठे बसेल, नदीकाठचे प्लॉट आधी काढावे की शेवटी. मग एक घार त्याच्या डोळ्यांसमोरून, त्याच्या पायांच्याही खालून तरंगत गेली. उडणाऱ्या घारीची पाठ त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. तपकिरी, मऊ, उन्हात थोडी सोनेरी. ती जिकडे गेली तिकडे तो पाहत राहिला आणि आकडे कुठे गेले हे त्याला कळलं नाही.

"तो बग बांध," भामाबाई हळूच म्हणाल्या. "तिथं आमी खेकरं पकडायचाव. ती विहीर. तिचा पानी गुलासारका गोर. त्या वलनाव माज्या भावान मना नदीत ढकललेली. आनि तां घर दिसतय ना, कवलांचा, तां आमचा."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पुसत नव्हत्या. हरेशच्या छातीवरचा दगड उतरला. फसलं नाही, जमलं. आणि लगेच दुसरा, जरा वेगळ्या वजनाचा दगड तिथे येऊन बसला, कारण आई ज्या घराकडे बोट दाखवत होती ते कुणाचं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

"बगलास ना सगला? चल, उतरू आता," तो म्हणाला.

"चल," म्हणत भामाबाई उतरायला लागल्या. पण गाडी होती त्या बाजूला नाही, खोऱ्याच्या बाजूला.

"आये! तिकरं कुटं?"

"म्हायेराच्या उंबऱ्याशी येवून परत जाव काय?"

"तिकरं कोनी नाय आता!"

"मंग चुली काय भुतांनी पेटवल्यान?" त्यांनी धुराकडे बोट केलं आणि त्या दिसेनाशा झाल्या. हरेश आणि शिवा एकमेकांना दोष देत, घसरत, करवंदीत अडकत मागून धावले. शिवाची पँट गुडघ्यावर फाटली. हरेशची साखळी एका फांदीला अडकली आणि ती सोडवेपर्यंत तो हात वर करून शरण आल्यासारखा उभा होता.

ते गावात पोचले तेव्हा व्हायचं ते होऊन गेलं होतं. कौलारू घराच्या ओटीवर भामाबाईंच्याच वयाची, बारीक अंगाची एक म्हातारी सुपात वाल निवडत बसली होती आणि भामाबाई तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"वलखलास काय गो मना?"

म्हातारीने मान वर केली. डोळे बारीक केले. हरेशने डोळे मिटले. त्याला वाटलं, संपलं. आता ही विचारेल, कोण तू बाई.

"आयलीस?" म्हातारी म्हणाली. तिच्या हातातलं सूप कलंडलं, वाल ओटीभर पसरले. "कवरी वाट बगायची गो तुजी? आयलीस होय?"

आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

हरेश आणि शिवा अंगणात खांबासारखे उभे राहिले. "ही वलखते?" शिवा कुजबुजला. "आपन डावीकरंच आयलाव ना रं?"

आतून म्हातारीचा मुलगा बाहेर आला. काशीराम त्याचं नाव. हरेशच्याच वयाचा, उघडा, खांद्यावर टॉवेल. ओटीवरचं दृश्य पाहून तो गोंधळला, पण आईची मैत्रीण आहे म्हटल्यावर त्याने सतरंजी अंथरली, पाणी आणलं आणि हरेशला "बसा, शेट" म्हणाला. ही बातमी गावात पसरायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. जो येईल तो भामाबाईंच्या पाया पडून जाऊ लागला. हरेशला सगळे भाचा म्हणू लागले. एका आजोबांनी तर त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून, नाक थेट मामावर गेलंय असं जाहीर केलं. कुठल्या मामावर, ते विचारायचं धाडस हरेशला झालं नाही.

म्हातारीला सगळे रमाबाई म्हणत होते. ओटीवर दोघींचं बोलणं रंगात आलं होतं.

"विहिरीवरची चिंच आठवते, रमा?"

"आंबा गो. आंबा व्हता."

"हां, आंबाच. त्याच्याव तो लाल माकड यायचा."

"माकड नाय, बगला. खाडीवरशिन यायचा."

"तोच तो, बगलाच."

एकीची चिंच दुसरीच्या आंब्यात, एकीचं माकड दुसरीच्या बगळ्यात मिसळत गेलं आणि दोघींचं मिळून एक तिसरंच गाव तयार झालं. त्यात दोघीही सुखाने फिरत होत्या. उन्हाचा चौकोन ओटीवरून सरकत त्यांच्या पायांपाशी आला. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं आणि भाजलेली सुकट आली. हरेश असा जेवला, की मनिषाने पाहिलं असतं तर तिने स्वयंपाक सोडला असता.

जेवण झाल्यावर काशीरामने त्याला खूण करून उडवीमागे नेलं.

"शेट, तुमी जमिनीच्या धंद्यातलं हाव, असा कल्ला. एक इचारायचा व्हता. पनवेलचं दलाल यायला लागल्यान. इका बोलतात. तुमी भाचा आमचा. तुमी सांगाल तसा."

हे वाक्य ऐकायला हरेशने एरवी कितीतरी सकाळी, कितीतरी गावांत, कितीतरी चहा प्यायला होता. पुढचं भाषण त्याला तोंडपाठ होतं. त्याने घसा खाकरला आणि उडवीच्या कडेवरून ओटीकडे पाहिलं. आई मांडीवर सूप घेऊन रमाबाईंचे वाल निवडत होती. चष्म्याशिवाय. एकेक दाणा उजेडात धरून.

"नका इकू," तो म्हणाला. त्याचा त्यालाच आवाज अनोळखी वाटला. "म्हंजे, आता तरी नको."

काशीरामने सुटकेचा श्वास सोडला. "माजा पण तोच इचार. नि मना इकून चालायचा पण नाय. पुन्यांदा आयेला कुटं नेव? तिला काय सांगू?" त्याने मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "शेट, तुमाला सांगताव, पण कुनाला बोलू नका. माजी आये इथली नायच."

"काय?"

"आमचा गाव खाडीच्या काठाव. विमानतलासाठी उठला. मी इथं जागा घेतली. तवा ती तापान फनफनलेली, डोल्यांना पण कमी दिसायचा. गारीत झोपवून आनली. जागी झाली नि इचारलान, 'आयलो काय रं घरा?' मी बोललो, आयलो. झाला! तिला ह्योच आपला गाव वाटतय. गाववाल्यांना हात जोरून सांगलाय, तेव पण सांभालून घेतात."

"नि खाडी? खाडी कुटं जेली इचारत नाय?"

"रोज इचारते. मी सांगतो, ओहोटी हाय." काशीरामने कपाळाला हात लावला. "दोन वर्सां झाली, शेट. ओहोटीच चालू हाय."

हरेशच्या पोटातून हसू असं उसळलं, की त्याला पेंढ्यात तोंड खुपसावं लागलं.

"म्हनून इचारतो," काशीराम काकुळतीला आला होता, "माजी आये इथली नाय, तर तुमची आये तिला वलखते कशी? मना वाटला, तुमची आये समजली. आता ती माज्या आयेला सांगंल नि माजा सगला उघडा पडंल."

इथे हरेशला सगळं सांगून टाकायची उत्तम संधी होती. दोघांनी मिळून रडता किंवा हसता आलं असतं. पण त्याने काशीरामच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मनाने म्हणाला, "काय बोलनार नाय माजी आये. मी हाय ना. पण आयेला असा फसवायचा म्हंजे, काशीराम…" आणि त्याने खेदाने मान हलवली.

काशीरामने मान खाली घातली.

उन्हं कलायला लागली तशी काशीरामने टेम्पो काढला आणि डोंगराला वळसा घालून त्यांना गाडीपाशी सोडलं. निघताना रमाबाईंनी भामाबाईंचा हात बराच वेळ सोडला नव्हता. दोघी कानात काहीतरी बोलत होत्या आणि लहान मुलींसारख्या हसत होत्या. एक पिशवीभर वाल, एक भोपळा आणि बांधून दिलेली सुकट, एवढी माहेरची भेट गाडीत चढली.

शिवाने गाडी सुरू केली. मागे डोंगर जांभळा होत गेला. भामाबाई बाहेर पाहत होत्या. सकाळसारखी नावं आता त्या घेत नव्हत्या. फाट्यावर आल्यावर त्या म्हणाल्या, "रमा इथली नाय."

शिवाने ब्रेक दाबला. हरेशचं डोकं पुढच्या सीटवर आपटलं.

"असा कसा बोलतस, आये?"

"खाडीकरची हाय ती. बोलन्यावरशिन कल्ला. तिच्या पोरान तिला कायतरी सांगून इथं आनलाय." त्यांनी पदर सारखा केला. "मना काय ती वलखत नाय. मी पण तिला नाय वलखत. पण ती 'आयलीस' बोलली, तवा मी काय 'नाय आयली' बोलू?"

शिवा आरशातून हरेशकडे बघत होता आणि हरेश आपल्या बुटांकडे.

"मंग तू तिला सांगला नाय?" शेवटी हरेशने विचारलं.

"कशाला सांगू? पोरां करतात असा. आयेला बरा वाटावा म्हनून करतात." त्या जरा थांबल्या. "येवरी मोटी झाली तरी करतात."

हरेशचे कान लाल झाले. आई, तुला कधी कळलं, हे विचारायला त्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. फाट्यावरचा उजवीकडचा रस्ता गुळगुळीत डांबराचा होता, कुठेही उखडलेला नव्हता. भामाबाईंनी तो नीट बघून घेतला आणि बोट पुढे करून शिवाला म्हणाल्या, "चल रं. घरा."

पनवेलचे दिवे दिसायला लागले तेव्हा त्यांना एकदम आठवलं.

"हां, हरेश. रमा येतेय आपल्याकरं. येत्या रईवारी. चार दीस ऱ्हाईल."

"येवू दे की!" हरेशला एवढं हलकं वाटत होतं, की आई चारशे जण येणार म्हणाली असती तरी चाललं असतं.

"तिला खाडी बगायची हाय. लय रडत व्हती बिचारी. बोलते, भरती बगून दोन वर्सां झाली. मी तिला सांगलाय, तुज्याकरं ओहोटी असंल, पण आमच्या गच्चीवरशिन भरती दिसते."

"आपल्या गच्चीवरशिन?" हरेश ओरडला. "आये, आपल्या गच्चीवरशिन टाक्या दिसतात!"

"ता तू बग आता," भामाबाई म्हणाल्या आणि सीटला डोकं टेकून त्यांनी आपले नवे डोळे मिटून घेतले. "तुना जमतं तसला."

दुसऱ्या दिवशी पहाटे मनिषा कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली, तर नवरा पाण्याच्या टाकीवर चढून उभा होता. टोपी न घालता. समोर नव्या पनवेलच्या इमारती धुक्यात अर्ध्या बुडल्या होत्या, कालच्या झाडांसारख्या. पार पलीकडे, दोन टॉवरांच्या फटीतून, कपड्याला लावलेल्या टाचणीएवढं काहीतरी चकाकत होतं. खाडीचं पाणी. या घरात राहायला येऊन त्याला इतकी वर्षं झाली, पण त्या दिशेला त्याने कधी पाहिलंच नव्हतं. तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने खिशातून फोन काढला.

"शिवा, झोपलायस? ऐक ना," तो हळू आवाजात म्हणाला, मोठ्याने बोललं तर ते पाणी उडून जाईल की काय अशा बेताने. "रईवारी भरती किती वाजता हाय रं?"